माजघरातली हवा

सिंधुदुर्गाला ताप नवा नाही. भातलावणीच्या दिवसांत इथे शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात, कारण उंदरांच्या लघवीतून आलेला लेप्टोचा जंतू मळ्यातल्या चिखलपाण्यात असतो आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागले. तो विषाणू रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून येतो. हिवताप आणि डेंगी डास आणतात. या सगळ्या तापांचा एक स्वभाव सारखा आहे. ते जागेला बांधलेले असतात. ते मळ्यात, रानात किंवा साचलेल्या पाण्याच्या आसपास असतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवली म्हणून कुणाला लेप्टो होत नाही. त्यामुळे घरात कुणी तापाने पडले की वाडीतली माणसे येऊन बसणार, पेज आणून देणार, कपाळाला हात लावून बघणार. या तापांपुरते ते वागणे बरोबरच होते.

श्वासातून पसरणारा विषाणू इथेच घात करतो. त्याला मळा लागत नाही, रान लागत नाही, माणूस पुरतो. आणि माणूस ज्या ओढीने माणसाकडे जातो, त्याच वाटेने तोही जातो. मुंबईहून गावाला, गाडीतून घराला, ओटीवरून माजघराला. सिंधुदुर्गात ही वाट फार जुनी आणि फार रहदारीची आहे.

आगबोटीपासून एसटीपर्यंत

१० जून १९१८ रोजी मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझा मुंबईत उतरल्याची ती पहिली खूण मानली जाते. जून-जुलैची लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली आणि देशभरात, अगदी सावध अंदाज धरला तरी, सव्वा कोटीच्या आसपास. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि उपाशी शरीर तापाला लवकर शरण जात होते.

तेव्हा मालवण, वेंगुर्ला, देवगड हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. आणि मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणारा मोठा जिल्हा होता रत्नागिरी. गावचे पुरुष गिरणगावात एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत. एक पाळी कामाला जाई तेव्हा दुसरी त्याच वळकटीवर झोपे. गावी पैसे मनीऑर्डरने येत आणि माणसे आगबोटीने. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आगबोटींची वाहतूक बंद असे आणि समुद्र निवळला की बंदरे पुन्हा उघडत.

त्या साथीत मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदींत एक विलक्षण तफावत दिसते. युरोपीय रहिवाशांत दर हजारी ८.३ मृत्यू झाले, तर त्या नोंदींत ज्यांना खालच्या जातींचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात दर हजारी ६१.६. विषाणू एकच होता. अन्न, शुश्रूषा आणि राहण्याची जागा वेगळी होती. बंगल्यातल्या माणसाच्या वाट्याला स्वतःची खोली आणि स्वतःची हवा होती. चाळीतला कामगार दुसऱ्यांनी सोडलेली हवाच आत घेत होता. इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो हेही तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, तरी लोकांना दिलेला एक सल्ला आजही खरा ठरतो: गर्दी टाळा आणि कोंदट खोलीपेक्षा उघड्यावर झोपा.

शंभर वर्षांनी आगबोटीची जागा कोकण रेल्वे, एसटी आणि खाजगी बसने घेतली होती, पण वाट तीच राहिली. मार्च २०२० च्या अखेरीस जिल्ह्यात कोविडचा पहिला रुग्ण सापडला, तो रेल्वेने आलेला होता. मे महिन्यात मुंबईतली खोली सोडून चाकरमानी गावाकडे निघाले. मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटणला जिल्ह्याची हद्द लागते. तिथे ई-पास तपासला जाई, कपाळासमोर तापमापक धरला जाई, आणि मग गावच्या शाळेत विलगीकरण. गणपती २२ ऑगस्टला होते. गावांचा आग्रह चौदा दिवसांचा होता, चाकरमान्यांना तेवढी रजा नव्हती. शेवटी राज्य सरकारने दहा दिवस ठरवले: एसटीने येणाऱ्याने १२ ऑगस्टपर्यंत गावात पोहोचायचे, त्यानंतर येणाऱ्याने चाचणी करून यायचे. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अनेक घरांत वर्षानुवर्षांची माया आणि भीती एकाच उंबरठ्यावर उभी राहिली. ज्याच्या पैशाने घर शाकारले जाई, त्यालाच शाळेत झोपायला सांगावे लागले.

नाक्यावर न सापडणारा ताप

चौदा दिवस कुठून आले आणि दहा कसे झाले, हे समजले तर तो वाद निराळा दिसतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो एक ते चार दिवसांचा असतो. २०२० च्या मूळ कोरोना विषाणूत तो साधारण पाच दिवसांचा होता. ज्यांना लक्षणे येणार होती, त्यांतल्या शंभरापैकी सुमारे ९७ जणांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसत, आणि चौदा दिवसांनंतर दिसणारा शंभरात एखादाच. म्हणजे चौदा दिवस ही जवळजवळ पूर्ण खात्री होती. दहा दिवसांत थोडी गळती होती, पण लोक तो नियम पाळण्याची शक्यता जास्त होती. लोक चुकवतील असा कडक नियम आणि पाळतील असा थोडा सैल नियम, यांत साथ कशाने जास्त रोखली जाते हा हिशेब प्रत्येक साथीत नव्याने मांडावा लागतो.

नाक्यावरच्या तापमापकाची मर्यादाही इथेच कळते. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण देऊ शकतो. काहींना लक्षणे येतच नाहीत. कपाळ थंड असलेला तरुण खारेपाटणला हसत पुढे जातो आणि परवा त्याचा घसा धरतो. तापमापकाने आजारी माणूस सापडतो. साथ पसरवणारा प्रत्येक माणूस त्या क्षणी आजारी नसतो. नाकाबंदीने वेळ मिळतो, आणि त्या वेळेचे मोल मोठे आहे. पण मिळालेल्या वेळात घराच्या आत काय बदलले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

थेंब आणि धूप

श्वास, बोलणे, गाणे, खोकणे या प्रत्येक क्रियेत नाका-तोंडातून ओलसर कण बाहेर पडतात. त्यांचे आकार फार वेगवेगळे असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढा. १०० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेच अंतर पडायला अर्धा तास लागतो. १ मायक्रॉनचा कण बारा तासांहून अधिक तरंगत राहू शकतो. कोरोना विषाणू स्वतः सुमारे ०.१ मायक्रॉनचा, त्यामुळे या बारीक कणांतही तो सहज मावतो.

आरतीच्या वेळी माजघरात धूप फिरवला की त्याचा वास आधी धुपाटण्याजवळ दाट असतो, मग ओटीपर्यंत येतो, आणि दारे-खिडक्या बंद असतील तर आरती संपल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. खळ्यात मात्र तोच धूर चार पावलांवर विरून जातो. बारीक कणांचे वागणे तसेच आहे. रुग्णाच्या अगदी जवळ ते दाट असतात, म्हणून अंतर उपयोगी पडते. पण बंद खोलीत हळूहळू ते सगळीकडे भरतात, आणि मग सहा फुटांवर बसलेला माणूसही सुरक्षित राहत नाही.

ही गोष्ट मान्य व्हायला जगाला वेळ लागला. श्वसनरोग मुख्यतः मोठ्या थेंबांतून आणि हातांतून पसरतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे सांगितले, आणि हवेतल्या बारीक कणांतून लागण होते हे तिच्या मार्गदर्शनात स्पष्टपणे यायला २०२१ उजाडले. दरम्यान आपण भाज्या साबणाने धुतल्या, पिशव्या उन्हात ठेवल्या, वर्तमानपत्र बंद केले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की बाधित वस्तूला हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. हात धुणे वाया जात नाही. जुलाब, सर्दी आणि इतर अनेक रोगांना ते आवर घालते. पण पिशवी धुऊन माजघराची खिडकी बंद ठेवली, तर मुख्य वाट मोकळीच राहते.

भजनाची बारी

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोरालची तालीम होती. ६१ गायक अडीच तास एका सभागृहात होते. त्यांनी हात निर्जंतुक केले होते, गळाभेट टाळली होती. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. मोठ्याने बोलताना आणि गाताना शांत श्वासाच्या कितीतरी पट कण बाहेर पडतात. शिवाय गाणारा खोल श्वास घेतो, म्हणजे दुसऱ्याचे कणही खोलवर ओढतो.

मालवणी मुलखात हे चित्र परके नाही. गणपतीत भजनी मंडळ घरोघरी जाते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झाप किंवा प्लास्टिकचा कागद बांधलेला असतो. आत पखवाज, झांजा, हार्मोनियम, खेटून बसलेली पंचवीस-तीस माणसे आणि टिपेला गेलेले आवाज. एक घर झाले की दुसरे, मध्यरात्र उलटेपर्यंत. श्वसनविषाणूला जे जे हवे ते सगळे इथे एकत्र येते: बंद जागा, बराच वेळ, गर्दी, चढा आवाज, आणि एकच गट अनेक घरांत.

साथीचा आणखी एक स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. सगळे बाधित सारख्या प्रमाणात रोग पसरवत नाहीत. कोविडमध्ये दहा ते वीस टक्के बाधितांकडून सुमारे ऐंशी टक्के लागण झाली, असे अनेक अभ्यासांत दिसले. बाकीच्यांकडून कुणालाही लागली नाही, किंवा एखाद्यालाच लागली. त्यामुळे हजार छोट्या भेटींवर बंदी घालण्यापेक्षा दोन-चार मोठ्या बंदिस्त प्रसंगांना वळण लावणे अधिक फळते. किनाऱ्यावर वाऱ्यात रापण ओढणारी माणसे एकमेकांना चिकटून असली तरी त्यांचा धोका कमी. ट्रॉलरच्या चिंचोळ्या खोलीत रात्र काढणाऱ्या खलाशांचा जास्त. मासळीचा लिलाव उघड्यावर असतो तोवर ठीक. खिडक्या बंद करून एसी लावलेले खानावळीचे दालन मात्र सावध राहण्याची जागा. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात शेजारशेजारच्या टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतले दहा जण बाधित निघाले. त्या दालनात एसी होता, पण बाहेरची ताजी हवा जवळजवळ येत नव्हती. साधा एसी आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. छताचा पंखाही हवा ढवळतो, बदलत नाही.

हवा मोजता येते

आपण विश्रांतीत मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे चाळीस हजार. त्यामुळे खोलीतला हा आकडा १,२०० वर गेला, तर त्या हवेचा सुमारे दोन टक्के भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला आहे, असा साधा हिशेब निघतो. कार्बन डायऑक्साइडने इथे रोग होत नाही, पण हवा किती वापरलेली आहे हे तो सांगतो. त्याचे छोटे मापकयंत्र शाळेला, बँकेला किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहाला परवडण्यासारखे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सार्वजनिक जागेत माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा यावी. ती येत असेल तर आकडा हजाराच्या आसपास राहतो.

जुन्या कोकणी घराची बांधणी या बाबतीत उपकारक आहे. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खालून दारातून नवी येते. पुढे खळे, मग पडवी, मग ओटी, अशा पायऱ्यापायऱ्यांनी घर उघड्यावरून आत जाते. पाहुण्याला कुठवर न्यायचे हे ठरवायची सोय बांधणीतच आहे. मात्र कौलांच्या जागी स्लॅब पडला, सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे छत लागले की ही आपोआप चालणारी हवा थांबते. तिथे समोरासमोरची दोन दारे-खिडक्या उघडणे, स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट पंखा चालू ठेवणे, असे मुद्दाम करावे लागते. मुसळधार पावसातही वाऱ्याच्या आडोशाची एक बाजू उघडी राहू शकते. पागोळ्यांच्या आतली खिडकी सहसा भिजत नाही.

एकावर एक उपाय

मास्कबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात: तो सगळे रोखतो, किंवा काहीच रोखत नाही. खरे उत्तर कापडावर आणि बसण्यावर आहे. एन-९५ प्रकारच्या मास्कमधल्या धाग्यांवर विद्युतभार असतो आणि चाचणीच्या ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के कण त्यात अडकतात, पण तो गालाला घट्ट बसला तरच. कडेने फट राहिली तर हवा सोपी वाट धरते. सैल कापडी मास्क मोठे थेंब अडवतो, बारीक कणांना कमी. कोकणच्या दमट हवेत दिवसभर एन-९५ लावणे कुणालाच जमणार नाही, आणि गरजही नाही. भरलेली एसटी, दवाखान्याची रांग, रुग्णाची खोली इथे तो लावावा, आणि समुद्रावर, मळ्यात, खळ्यात मोकळे असावे.

लसीचे काम वेगळे. फ्लू आणि कोविडची लस लागण पूर्णपणे थांबवत नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी करते. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. साठी ओलांडलेले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून धोक्यातल्या माणसाने ताप अंगावर काढू नये.

घरात रुग्ण असेल तर शक्यतो त्याला वेगळी, बाहेरच्या बाजूला खिडकी असलेली खोली द्यावी. खिडकी उघडी आणि आतल्या घराकडचे दार बंद ठेवावे. शुश्रूषा एकाच निरोगी, तरुण माणसाने मास्क लावून करावी. बोटावरच्या ऑक्सिमीटरमध्ये आकडा ९४ च्या खाली जाऊ लागला, दम लागू लागला, छातीत दुखले किंवा रुग्ण बरळू लागला, तर वाट पाहू नये. सिंधुदुर्गात हे अधिक खरे आहे. आठ तालुके आणि साडेआठ लाख लोकवस्तीचा हा जिल्हा गंभीर रुग्णासाठी वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीवर आणि कोल्हापूरवर अवलंबून राहिला आहे, आणि २०२० मध्ये गोव्याची हद्द बंद झाल्यावर त्याची किंमत कळली. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या भरातच तौक्ते चक्रीवादळ मालवण-देवगडच्या किनाऱ्याला झोडपून गेले आणि अनेक गावे दिवसेंदिवस विजेविना राहिली. जूनमध्ये राज्याच्या पाच स्तरांच्या योजनेत जिल्हा चौथ्या, म्हणजे कडक निर्बंधांच्या स्तरात होता. रुग्णालये मोजकी आणि लांब असली की एकाच आठवड्यात शंभर जण आजारी पडणे आणि दोन महिन्यांत मिळून शंभर जण आजारी पडणे यांत अनेक जिवांचा फरक पडतो. पसरण्याचा वेग कमी करायचा तो त्यासाठी.

पुढच्या साथीआधी

पुढचा श्वसनविषाणू कोणता असेल हे सांगता येत नाही. त्याची वाट मात्र सांगता येते. तो गर्दीच्या शहरातून निघेल आणि सणाच्या तोंडावर गावात उतरेल. तेव्हा गावकीच्या बैठकीत नाका लावायचा की नाही यावर जितका वेळ जाईल, तितकाच पुढच्या प्रश्नांवर जावा. भजन माजघराऐवजी खळ्यातल्या मांडवात, तिन्ही बाजू उघड्या ठेवून करता येईल का? एका मंडळाने एका रात्री एकाच वाडीत राहायचे का? शाळेतल्या विलगीकरणात वेगवेगळ्या घरांची माणसे एका वर्गात घालायची की प्रत्येक कुटुंबाला वेगळा वर्ग द्यायचा? एका खोलीत घातली तर ज्याच्यापासून वाचवायचे, तोच रोग तिथे वाटला जातो. आलेल्याला जेवण कोण पोहोचवणार, आणि त्याची बुडालेली रजा-मजुरी कशी भरून निघणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत व्यवहाराचा आहे. घसा खवखवतोय हे सांगितल्यावर वाळीत टाकल्यासारखी वागणूक मिळणार असेल, तर माणूस गोळी घेऊन ताप उतरवेल आणि आरतीला उभा राहील. कुठलीही नाकाबंदी त्याला शोधू शकणार नाही. तो पहिल्याच दिवशी बोलला, तर त्याचे घर पाच-सहा दिवस बाजूला राहील आणि वाडी वाचेल. म्हणून साथीच्या तयारीत खिडकी, मास्क आणि लस यांच्याबरोबर हाही ठराव हवा: जो आजार सांगेल त्याच्या दारात जेवणाचा डबा जाईल, आणि साथ ओसरल्यावर 'तूच आणलास' असे त्याला कुणी म्हणणार नाही.